आवृत्ती ०.१.० रद्द: माझ्या पहिल्या पॅकेजची चार महिन्यांची हकिकत

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात मामांची गुळाची अडत आहे. २ नोव्हेंबर २०२४ ला, दिवाळी पाडव्याला, मुहूर्ताचा सौदा बघायला मी गेले होते. सौदा संपला, गुळाचे रवे गाडीत चढले, आणि मी दिवाणजींच्या टेबलाशी चहा घेत बसले. दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. त्यातून शेतकऱ्याची पट्टी छापून येते: वजन, दर, हमाली, तोलाई, हातात येणारी रक्कम. सगळं मराठीत, फक्त अक्षरी रक्कम इंग्रजीत. म्हणून दिवाणजी प्रत्येक पट्टीवर ती इंग्रजी ओळ पेनानं खोडत आणि खाली मराठीत लिहीत.

मी म्हटलं, "आकडा आहे की वर. खाली इंग्रजी असलं तर काय बिघडतंय?"

मामा म्हणाले, "आकड्यात एक शून्य वाढवाय काय लागतंय? शेतकरी अक्षर बघतोय. आणि ते इंग्लिश कोण वाचतंय हितं?"

त्या दिवशी घरी येऊन मी आकड्यातली रक्कम मराठी शब्दांत लिहिणारा जो दोनशे ओळींचा पायथन प्रोग्रॅम लिहिला, तो पायपीआयवर, म्हणजे जिथून कुणीही पायथनची पॅकेजं उतरवून घेऊ शकतं त्या साइटवर, पॅकेज म्हणून नीट जायला मार्च उजाडला. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत संगणक विभागात आहे. प्रोग्रॅमिंग रोजचंच, पण 'रिलीज' हा प्रकार कधी केला नव्हता. शोधाशोध केली तर सगळीकडे पाच मिनिटांत पॅकेज प्रकाशित करायच्या कृती मिळाल्या. त्या खोट्या नाहीत. अपलोडला खरंच पाच मिनिटं लागतात. बाकीच्या चार महिन्यांचं मी लिहिते. पॅकेजचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर ही जाहिरात वाटेल.

आकड्यांचा गोंधळ

हिंदी-मराठीत शंभरपर्यंतचे सगळे आकडे पाठच असावे लागतात, नियम काढून भागत नाही, एवढं मला माहीत होतं. पण नियम कुठं मोडतो ते प्रोग्रॅम लिहिताना कळलं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत गाडी बरोबर येते आणि शेवटच्या स्टेशनला नव्याण्णव. 'एकोणशंभर' नाही. शंभर एकटा आला तर शंभर, पण पुढं काही आलं की एकशे. माझ्या पहिल्या प्रोग्रॅमनं १०० ला 'एकशे' छापलं होतं, नुसतंच, पुढं काही नाही. २५० ला मी हौसेनं 'अडीचशे' केलं. दिवाणजींनी ते बघून मान हलवली. बोलायला अडीचशे, लिहायला दोनशे पन्नास. ते काढलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं होतं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला 'वीस सात' म्हणजे चैन आहे, यादीच नको. मामांना गमतीनं विचारलं, पट्टीवर 'नव्वद चार' लिहू का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं फक्त.

त्यामुळे नव्याण्णव शब्दांची यादी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. पन्नासपर्यंत मी टाइप केली, पुढची दिवाणजींनी त्यांच्या जुन्या कीबोर्डवर. डिसेंबरात तपासण्या, म्हणजे टेस्ट, लिहायला घेतल्या तेव्हा चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी आणि चौऱ्याण्णव हे तीनच आकडे नापास. स्क्रीनवर माझा शब्द आणि यादीतला शब्द तंतोतंत सारखे. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी अक्षर अक्षर सोडवून त्यांचे युनिकोड क्रमांक (संगणक प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकानं ओळखतो ते) छापले तेव्हा उलगडलं. 'चौऱ्या'मधला तो भुवईसारखा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडून. दुसरा, साधा र, त्याचा पाय मोडून, आणि पुढं एक न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह. मी पहिली तऱ्हा वापरली होती, दिवाणजींच्या कीबोर्डनं दुसरी. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या तऱ्हा एक करणं, इथं उपयोगाचं नाही, ते या दोघांना एक मानत नाही. जोडचिन्हाच्या जागा स्वतः शोधून बदलाव्या लागतात. मराठी मजकुराचं काहीही प्रकाशित करणार असाल तर हे आधी बघा.

परवानगी

हे सगळं पायपीआयवर टाकायचं कशाला? पुण्याच्या एका मैत्रिणीला पतसंस्थेच्या पावत्यांसाठी हेच हवं होतं. तिला झिप पाठवली. मग 'एकशे'ची चूक सुधारून दुसरी झिप. मग तिसरी, जिच्या नावात 'फायनल' दोनदा होतं. ती अजून पहिलीच वापरत होती.

पण नेमणूकपत्रात एक कलम आठवलं. नोकरीत असताना केलेलं काम कंपनीचं, अशा अर्थाचं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये वेगळं काही ठरलं नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला कॉपीराइट नोकरी देणाऱ्याचा असतो. माझं काम नोकरीचा भाग नव्हतं. घरच्या लॅपटॉपवर, रात्री केलेलं. तरी नेमणूकपत्रातली भाषा कायद्यापेक्षा ऐसपैस होती. मुक्त परवान्याखाली एकदा दिलेलं नंतर 'आमचं होतं' म्हणून कुणी मागितलं तर वापरणाऱ्यांची पंचाईत. म्हणून ६ जानेवारीला मनुष्यबळ विभागात ना हरकत पत्रासाठी अर्ज दिला.

पहिला आठवडा अर्ज कुणाच्या टेबलावर आहे हे समजण्यात गेला. मग बोलावणं आलं. साहेबांचा प्रश्न साधा होता: "फुकट का देताय?" उत्तर देताना माझी त्रेधा उडाली. मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सांगायला लागले तर चेहरा आणखी संशयी. शेवटी पट्टी दाखवली आणि म्हटलं, मामांच्या दुकानासाठी केलंय, आणखी कुणाला लागलं तर घेऊ दे. ते पटलं. पण कंपनीचा वेळ, यंत्र किंवा माहिती वापरली नाही असं हमीपत्र स्टँप पेपरवर मागितलं. स्टँप ५०० रुपये, नोटरी १५०. पत्र २५ जानेवारीला हातात आलं. १९ दिवस.

अर्जासोबत प्रोग्रॅमचं एका पानाचं साध्या मराठीत वर्णन जोडा, आणि परवाना कोणता देणार ते लिहा. मी आधी 'ओपन सोर्स करणार' एवढंच लिहिलं होतं, त्यानं शंका वाढल्या. एमआयटी परवाना निवडला, कारण तो एका पानात मावतो आणि साहेबांना तो अख्खा वाचून दाखवता आला. परवाना न जोडता नुसता कोड उघडा ठेवला तर दुसऱ्याला तो वापरायचा हक्क कायद्यानं मिळत नाही, हे मलाही तेव्हाच कळलं.

खातं, नाव, चाव्या

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी खाती उघडली. 'खाती', कारण दोन लागतात. खरं पायपीआय वेगळं आणि सरावाचं टेस्ट पायपीआय वेगळं. एकाचं खातं, पासवर्ड, टोकन (चढवताना पासवर्डऐवजी वापरायची चावी) दुसऱ्यावर चालत नाही. पैसे कशालाच लागत नाहीत. जानेवारी २०२४ पासून दुहेरी पडताळणी सगळ्यांना सक्तीची आहे, तेव्हा फोनवर कोड देणारं ॲप घ्या. त्याआधी ते रिकव्हरी कोड (फोन हरवला तर आत शिरायला) देतात आणि त्यातला एक तिथंच वापरायला लावतात, खरंच जपून ठेवलेत का बघायला. मला आधी राग आला, मग पटलं. मी ते राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात छापले (दोन प्रती, टाचण, प्लॅस्टिकचं पाकीट मिळून २४ रुपये) आणि एक प्रत घरी रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवली. आई विचारत होती हे कसलं बिल.

नावात देवनागरी चालत नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब, आडव्या रेघा एवढंच. आडवी रेघ, खालची रेघ आणि टिंब यांत तिथं फरक धरत नाहीत, लहान-मोठ्या अक्षरांतही नाही. मला सुचलेलं पहिलं नाव आधीच्या एका पॅकेजच्या फार जवळचं म्हणून नाकारलं गेलं. दुसरं मिळालं. नाव आधी ठरवून लोगो, वाचा-मला फाइल, सगळं त्या नावानं करून बसू नका. मी बसले होते.

मग पॅकेजची माहिती सांगणारी पायप्रोजेक्ट फाइल: नाव, आवृत्ती, वर्णन, परवाना, पायथनची किमान आवृत्ती. यात फार काही नाही, एक संध्याकाळ.

सराव

रविवार, ९ फेब्रुवारी. बिल्ड केलं की दोन फाइली तयार होतात. एक मूळ कोडची गाठोडी, दुसरी 'व्हील', जी पिप (पॅकेज उतरवून बसवणारं साधन) थेट उलगडून ठेवतं. ट्वाइन या चढवायच्या साधनानं तपासल्या, 'पास' आलं. सरावाच्या जागेवर चढवल्या. मैत्रिणीला फोन केला, उतरवून बघ. दोन मिनिटांत तिचा स्क्रीनशॉट: फाइल सापडत नाही.

आकड्यांच्या शब्दांची यादी व्हीलमध्ये गेलीच नव्हती. बिल्ड करणारं साधन पायथनच्या फाइली आपोआप उचलतं. बाकीच्या फाइली न्यायच्या असतील तर तसं सांगावं लागतं. माझ्या लॅपटॉपवर सगळं चालत होतं, कारण तिथं पॅकेज माझ्याच फोल्डरमधून वाचलं जात होतं. व्हील ही मुळात झिपच असते. तेव्हापासून चढवण्याआधी ती उघडून आत काय आहे ते डोळ्यांनी बघते. आणि नवीन, रिकाम्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (बाकीच्यापासून वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये), दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन बसवून बघते.

दुरुस्ती केली, परत चढवायला गेले तर नकार. त्या नावाची फाइल एकदा आली की तीच परत घेत नाहीत, सरावाच्या जागीही. पुसली तरी ते नाव मोकळं होत नाही. नशिबानं मी पहिल्या फाइलीला 'आरसी १' (रिलीज कँडिडेट, पक्क्या आवृत्तीच्या आधीची) म्हटलं होतं, तर ही 'आरसी २'. सरावाला थेट ०.१.० वापरू नका, असे मधले आकडे वापरा.

मामांकडे त्या रविवारी जेवायला गेले होते. मी वैतागून सांगत होते की साधी चूक, पण तोच नंबर परत वापरू देत नाहीत. मामांना यात नवल काहीच वाटलं नाही.

"बरोबर आहे की. पट्टीबुकातलं पान चुकलं तर फाडतोय व्हय आपण? त्यावर तिरकी रेघ मारायची, 'रद्द' लिवायचं, आन् पान तितंच ऱ्हातंय. दुसरी पट्टी म्होरल्या नंबरवर. मधला नंबर गायब दिसला तर ऑडिटवाला पहिला त्योच विचारतोय."

त्यांची कार्बनची प्रत असते, शेतकऱ्याकडे वरची गेलेली असते. त्याच नंबरवर दुसरी रक्कम लिहिली तर कुठली खरी? कुणी माझी ०.१.० आज उतरवली आणि कुणी उद्या, तर दोघांच्या हातात एकच गोष्ट असायला हवी. चार दिवस कागदपत्रं वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते पांढऱ्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीपर्यंत शिरलं.

२३ फेब्रुवारी

बदलांची नोंद लिहिली, गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लावला, बिल्ड केलं. टोकन वापरून पहिलं अपलोड करायचं तर ते संपूर्ण खात्याचं लागतं, कारण प्रकल्पच अजून नसतो तर त्याच्यापुरतं टोकन कुठून देणार? नंतर ते लगेच रद्द करून फक्त त्या प्रकल्पाचं घ्यायचं. रात्री पावणेअकरा. बोट एंटरवर ठेवून मी बराच वेळ नुसती बसले होते. सरावाच्या जागेवर कधी वाटलं नव्हतं असं पोटात गोळा आला. दोनशे ओळी त्या काय.

दाबलं. स्क्रीनवर प्रगतीच्या पट्ट्या सरकल्या. आणि लक्षात आलं की फोल्डरमध्ये जुन्या दोन्ही आरसीच्या फाइली पडून होत्या, आणि मी 'यातलं सगळं' चढव असं सांगितलं होतं. सगळं गेलं. पिप आपणहून आरसी उचलत नाही, साधी आवृत्ती असेल तर तीच घेतं, त्यामुळे नुकसान काही नाही. पण माझ्या पॅकेजच्या इतिहासात ते दोघं कायमचे बसलेत. बिल्ड करण्याआधी ते फोल्डर रिकामं करा.

मंगळवारी, २५ तारखेला, मी कामावर असताना दिवाणजींचा फोन. "ताई, लाल लाल काय तरी आलंय." दुकानाच्या संगणकावर बसवलं होतं आणि चालूच होईना. फोटो मागवला. युनिकोड वाचता येत नाही असा संदेश, ८एफ या बाइटवर.

माझा लॅपटॉप उबंटूचा, मैत्रिणीचा मॅक. दुकानातला विंडोज. फाइल उघडताना ती यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) आहे हे मी लिहिलं नव्हतं. लिनक्स-मॅकवर पायथन ते गृहीत धरतं, विंडोजवर यंत्राची जुनी कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) धरतं, आणि त्या कोडपेजमध्ये ८एफ या जागी अक्षरच नाही. 'ए' या अक्षराचा शेवटचा बाइट नेमका ८एफ. म्हणजे यादीच्या पहिल्याच शब्दावर, 'एक'वर, गाडी पंक्चर. ज्या दुकानासाठी केलं तिथंच चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी होती. दुरुस्ती एका ओळीची, एन्कोडिंग सांगायचं. बाकी दिवस हे परत होऊ नये याची व्यवस्था करण्यात गेला. गिटहबवर, म्हणजे कोड जिथं ठेवते त्या साइटवर, प्रत्येक बदलानंतर आपोआप तपासण्या चालतात, तिथं उबंटूसोबत विंडोजही जोडला. पायथन ३.१० पासून एक सोय आहे, चालू केली की एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर इशारा मिळतो. तीही लावली.

०.१.१ चढवली. मग ०.१.० चं काय? पुसायचा पर्याय आहे, पण कुणी तीच आवृत्ती नेमकी मागत असेल तर त्याचं काम मोडतं. दुसरा पर्याय 'यँक'. आवृत्ती जागेवर राहते, शेजारी कारण लिहिता येतं, पिप ती आपणहून घेत नाही. नेमकी तीच मागितली तर मिळते, इशाऱ्यासह. मी कारणाच्या चौकटीत लिहिलं की विंडोजवर चालत नाही, ०.१.१ वापरा. तिरकी रेघ मारली आणि 'रद्द' लिहिलं, एवढंच.

टोकन नको झालं

टोकन लॅपटॉपवर साध्या फाइलमध्ये पडलेलं मला खटकत होतं. पायपीआयवर २०२३ पासून 'ट्रस्टेड पब्लिशिंग' आहे. अमुक गिटहब प्रकल्पातली अमुक कार्यप्रवाहाची (आपोआप चालणाऱ्या कामांची) फाइल माझ्या वतीनं चढवू शकते, असं एकदा नोंदवायचं. मग दर वेळी पंधरा मिनिटांचं तात्पुरतं टोकन आपोआप मिळतं आणि संपतं. मार्चमध्ये ते जोडलं. दोनदा फसलं. एकदा फाइलचं नाव पायपीआयवर एक आणि गिटहबवर दुसरं, एकदा ओळख-टोकन लिहिण्याची परवानगी द्यायची राहिली. १५ मार्चला ०.१.२ तशी गेली. आता मी टॅग ढकलते आणि चहा करायला जाते. नव्यानं सुरू करणाऱ्यानं पहिल्या अपलोडपासूनच हे वापरावं. प्रकल्प नसतानाही आधी नोंदणी करता येते. फक्त त्या नोंदणीनं नाव राखून ठेवलं जात नाही, मधल्या काळात दुसरं कुणी घेऊ शकतं.

खर्च ६७४ रुपये, त्यातले ६५० हमीपत्राचे. ०.१.० साधारण तीन दिवस जगली.

सध्या एक तक्रार उघडी आहे. ४६ ला मी 'सेहेचाळीस' लिहिलंय. दिवाणजी म्हणतात 'शेहेचाळीस', आणि गेली तीस वर्षं पट्टीवर तेच लिहिलंय. दोन्ही चालवायचे तर निवडीचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे ०.२.०. तोवर ते ४६ आला की छापलेला शब्द पेनानं खोडतात आणि खाली लिहितात.